तिकिटाचा नंबर कुणाच्या बाजूचा?

१८८३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका काचेबद्दल निकाल दिला. ब्रुकलिनमध्ये घोड्यांच्या ट्रामगाड्या चालवणाऱ्या एका कंपनीवर जॉन स्लॉसन याने पेटंटभंगाचा दावा लावला होता. त्याच्या भाडेपेटीत उतारूने टाकलेले नाणे आधी वरच्या कप्प्यातल्या फळीवर येऊन थांबे. चालक ते काचेतून पाही आणि मग फळी कलती करून खालच्या कुलूपबंद कप्प्यात पाडी. चालकाच्या बाजूची ही काच जुनीच होती. स्लॉसनने समोर, म्हणजे उतारूंच्या बाजूलाही एक काच बसवली आणि दुसऱ्या पेटंटात गाडीच्या दिव्याचा उजेड परावर्तकाने पेटीच्या आत वळवला. यात शोध म्हणावा असे काही नाही, असे सांगून न्यायालयाने दोन्ही पेटंटे रद्द ठरवली. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच होते. मात्र भाडेवसुलीच्या साधनांचा इतिहास पाहू गेल्यास ही दुसरी काच फार बोलकी वाटते. तिच्यातून गाडीतल्या सगळ्या उतारूंना पेटीत काय पडले ते दिसू लागले. या साधनांकडे आपण सहसा फुकट्या प्रवाशाला धरण्याची युक्ती म्हणून बघतो. पुरावा वेगळेच सांगतो. त्यांतली बहुतेक साधने जन्माला आली ती उतारूचा पैसा मधल्या नोकराच्या हातून मालकाच्या तिजोरीपर्यंत पोचतो की नाही, या काळजीतून. ती काळजी दूर करण्याचे मार्ग दोन निघाले. एक हिशेबाचा, दुसरा पाळतीचा. दोन्ही मार्गांनी मालकाचे पैसे वाचले, पण नोकराशी वागण्याची त्यांची रीत अगदी निराळी होती. हा फरक नीट पाहिला गेलेला नाही, असे माझे मत आहे.

आगगाडी आली तेव्हा तिकिटाची पद्धत घोडागाडीच्या टपालमार्गांवरून उचललेली होती. कारकून वहीत उतारूची नोंद करी, कागदाच्या चिठ्ठीवर हाताने मजकूर लिही आणि स्थळप्रत ठेवून चिठ्ठी फाडून देई. दहा-बारा उतारूंच्या गाडीला हे चालून जाई. १८३० साली लिव्हरपूल-मँचेस्टर मार्ग सुरू झाला आणि एकेका गाडीने शेकडो माणसे जाऊ लागली, तेव्हा हे लिहिणे खिडकीपाशीच अडू लागले. १८३२ च्या लेस्टर-स्वॅनिंग्टन मार्गावर पितळेचे अष्टकोनी बिल्ले देत. त्यांवर स्थानकाचे नाव आणि क्रमांक असे. मुक्कामाला ते गोळा करून परत पाठवायचे आणि पुन्हा विकायचे. लिहिण्याचा त्रास त्याने वाचला, पण बिल्ल्यांची ने-आण मागे लागली आणि लांबच्या मार्गांना ती परवडणारी नव्हती.

या अडचणीवरचे उत्तर थॉमस एडमंडसन याने शोधले. १७९२ साली लँकेस्टरमध्ये जन्मलेला हा माणूस क्वेकर पंथाचा आणि पेशाने फर्निचर बनवणारा कारागीर. कार्लाइलमधल्या धंद्यात त्याचे दिवाळे निघाले आणि १८३६ साली तो न्यूकॅसल-कार्लाइल मार्गावरच्या मिल्टन या लहानशा स्थानकावर मास्तर म्हणून लागला. तिथे त्याने पुठ्ठ्याची छोटी तिकिटे आधीच छापून ठेवायला सुरुवात केली. सुमारे ५७ मिलिमीटर लांब आणि ३० मिलिमीटर रुंद अशा पुठ्ठ्यावर स्थानकाचे नाव, वर्ग आणि अनुक्रमांक. कार्लाइलच्या जॉन ब्लेलॉक या घड्याळजीच्या मदतीने त्याने तारीख उमटवणारे यंत्र तयार केले. तिकीट खाचेत सारले की तारीख उठे. प्रत्येक गावाच्या आणि वर्गाच्या तिकिटांची चळत कपाटातल्या वेगळ्या उभ्या खणात क्रमाने रचलेली असे. पाळी संपली की मास्तर प्रत्येक खणातल्या पुढच्या तिकिटाचा नंबर वहीत उतरवून घेई. त्यातून सकाळचा नंबर वजा केला, बाकीला भाड्याने गुणले, की त्या खणाची रोकड किती असायला हवी ते निघाले. अमुक उतारू कोण, त्याला कुणी पाहिले, पैसे देताना शेजारी कोण उभे होते, यातले काहीच विचारावे लागत नसे. १८३९ मध्ये मँचेस्टर-लीड्स रेल्वेने त्याला बोलावून घेतले. इतर कंपन्यांकडून तो मार्गाच्या दर मैलामागे वर्षाला दहा शिलिंग घेई, म्हणजे तीस मैलांच्या कंपनीला ही सगळी व्यवस्था वर्षाला पंधरा पौंडांत मिळे. १८४२ मध्ये लंडनला रेल्वे क्लिअरिंग हाऊस उघडले. एकाच तिकिटावर दोन-तीन कंपन्यांच्या रुळांवरून जाणाऱ्याचे भाडे तिथे वाटले जाई, आणि नंबरवार छापील तिकिटांनी ते काम सुकर केले. ब्रिटिश रेल्वेने हा पुठ्ठा १९९० पर्यंत चालवला. आपल्याकडेही भायखळ्याच्या रेल्वे छापखान्यातून निघालेली पुठ्ठ्याची तिकिटे कित्येक पिढ्यांनी हातात धरली.

या पद्धतीचा एक गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. नंबर चोरी पकडतो, तसाच प्रामाणिक माणसाला सोडवतोही. गल्ल्यात दहा शिलिंग कमी आहेत असा आरोप झाला, तर मास्तर खण उघडून तिकिटे दाखवू शकतो. पुरावा मालकाइतकाच नोकराच्याही हाती राहतो.

रस्त्यावरच्या ट्रामला हे जमण्यासारखे नव्हते. तिथे ना स्थानक, ना खिडकी. चालत्या गाडीत, गर्दीत, लहान रकमेची नाणी कंडक्टरच्या हातात पडत, आणि मालक तिथून कित्येक मैल दूर. म्हणून इथे पाळतीची साधने निघाली. त्यांतले सर्वांत कल्पक म्हणजे १८७० नंतर अमेरिकेत पसरलेला घंटीचा पंच. कंडक्टर तिकिटाला किंवा गळ्यातल्या पट्टीला त्याने भोक पाडी. त्याच दाबाने आत घंटी वाजे, आकडा एकाने पुढे सरके आणि कापलेली गोल टिकली पंचाच्या बंद पोटात जाऊन पडे. संध्याकाळी कचेरीत पंच उघडायचा, आकडा वाचायचा आणि टिकल्या रंगवार मोजायच्या. न्यूयॉर्कच्या एका मार्गावर आठ सेंटच्या भाड्याला निळी पट्टी, सहाला फिकट पिवळी आणि तीनला गुलाबी, असा नियम गाडीतच लावलेला होता, आणि भोक उतारूच्या देखत पाडावे, असेही त्यात बजावले होते. त्या पाटीवरून रचलेले गमतीचे कवन देशभर पसरले आणि १८७६ मध्ये मार्क ट्वेनने त्यावर कथा लिहिली. देखत पाडण्याच्या सूचनेत सगळी योजना सामावली आहे. घंटी वाजली नाही तर उतारूने कान टवकारावेत, ही कंपनीची अपेक्षा. पुढे गाडीच्या भिंतीवर दोरीने ओढायचे मोठे नोंदयंत्र आले. दर भाड्याला टोला पडे आणि तबकडीवरचा आकडा सगळ्या गाडीला दिसे. त्यावरही भरवसा नव्हता, म्हणून साध्या वेशातले हेर गाडीत बसवले जात.

स्लॉसनची पेटी याच वाटेवर आणखी पुढे गेली. एका घोड्याच्या छोट्या गाडीतून कंडक्टरच काढून टाकला. उतारूने स्वतः पुढे जाऊन पेटीत भाडे टाकायचे. सुटे हवे असतील तर चालक मोजून बंद केलेले पाकीट देई. त्यातली सगळी रक्कम उतारूच्या हातात जाई आणि भाडे तो स्वतः पेटीत टाकी, म्हणजे भाड्याच्या नाण्याला चालकाचा हात लागतच नसे. लुइव्हिलला तरुणपणी ट्रामच्या नोकरीत असलेल्या टॉम जॉन्सनने नाण्यांसाठी काचेची पेटी केली. मोजून होईपर्यंत नाणी आतल्या काचेच्या फळ्यांवर सगळ्यांना दिसत राहत. हाच जॉन्सन पुढे १९०१ ते १९०९ क्लीव्हलंडचा महापौर होता आणि तीन सेंटच्या भाड्यासाठी ट्राम कंपन्यांशी झगडला.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की चोरी खरीच होत होती, मग पाळत ठेवणाऱ्यांना दोष का द्यायचा? चोरी होत होती हे मान्यच आहे. पण घंटीचा पुरावा एकाच बाजूने चालतो. घंटी कमी वाजली तर कंडक्टर दोषी. सगळ्या घंट्या वाजल्या, तरी न वाजवता घेतलेले भाडे नव्हतेच, हे त्याला कधीच सिद्ध करता येत नाही. हेराने कचेरीत दिलेल्या खबरीचे खंडन तो कशाने करणार? हिशेब जुळूनही संशय उरतो, हा दोष त्या रचनेतच आहे.

दुसरा आक्षेप मुंबईचा दाखला देऊन घेता येईल. ९ मे १८७४ रोजी स्टर्न्स अँड किटरेज या कंपनीची घोड्यांची ट्राम कुलाब्याहून पायधुणीपर्यंत धावू लागली, तेव्हा भाडे तीन आणे होते आणि तिकीट नव्हते. गर्दी वाढली, भाडे दोन आण्यांवर आले आणि बिनतिकीट प्रवास फार बोकाळला म्हणून त्याच वर्षी तिकिटे सुरू झाली. म्हणजे इथे तरी कारण प्रवाशांची लबाडी हेच होते, असे कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे आहे. तिकीटच नसलेल्या गाडीत भाडे न देणारा उतारू आणि भाडे घेऊन खिशात टाकणारा कंडक्टर यांच्यात बाहेरून काहीच फरक दिसत नाही. दोन्हींत मालकाचा गल्ला सारखाच घटतो. हातात नंबराचा कागद आला, की तपासनीसाला पहिल्यांदा हा भेद करता येतो. उतारूवरच्या इलाजाने कंडक्टरलाही संशयातून बाहेर येण्याची वाट मिळाली.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: ही साधने वेगासाठी आली, अविश्वासासाठी नव्हे. १९०५ मध्ये माँट्रियलने चढतानाच भाडे घेणारी गाडी आणली. मागचा चौथरा ऐसपैस केला, कंडक्टर एका जागी उभा राहिला आणि गर्दीत घुसून पैसे मागणे थांबले. न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेत फलाटाच्या तोंडाशी पेटी असे. उतारू तिच्यात तिकीट टाकी आणि शेजारचा माणूस दांडा ओढून ते चिरडून टाकी. १९०४ मध्ये भुयारी रेल्वे सुरू झाली तेव्हाही हीच रीत होती. या पेट्यांनी माणसे भराभर आत जात, हे खरे. पण तिकीट चिरडायचे का? वेगासाठी ते नुसते पेटीत पडले तरी पुरे होते. चिरडण्याचा उपयोग एवढाच, की तेच तिकीट आतून काढून पुन्हा विकता येऊ नये. १९२० नंतर नाण्याची फिरती फाटके आली आणि दांडा ओढणारा माणूसही गेला. मग यंत्राचीच अडचण होऊ लागली. पाच सेंटचे भाडे १९४८ पर्यंत टिकले. त्यामागे राजकारण मोठे होते, पण फाटके एका नाण्यावर चालत हेही विसरता येत नाही. दहा सेंट झाले तेव्हा एक नाणे मिळाले. १९५३ मध्ये पंधरा सेंट झाले, तेव्हा तेवढ्या किमतीचे नाणेच नव्हते आणि खास टोकन पाडावे लागले.

माझ्या समजुतीप्रमाणे या स्पर्धेत शेवटी नंबरच टिकला. घंटीचा पंच ज्या लंडनमध्ये दीर्घकाळ चालला, तिथेही त्याच्या जोडीला नंबरवार तिकिटांच्या गड्ड्या आणि कंडक्टरचा तक्ता होता. रोजचा हिशेब नंबरांवरून होई आणि वाद निघालाच तर टिकल्या मोजता येत. महाराष्ट्रातल्या एसटीनेही हीच रीत चालवली. कंडक्टरच्या पेटीत किमतीप्रमाणे तिकिटांच्या गड्ड्या असत, आणि वेबिलावर, म्हणजे त्याच्या तक्त्यावर, प्रत्येक किमतीचा सुरुवातीचा आणि पुढे टप्प्याटप्प्याने चढत गेलेला नंबर लिहिलेला असे. वाटेत तपासनीस चढला, की तो आधी वेबिल मागे, गड्डीवरचा नंबर त्याच्याशी ताडून बघे, मग उतारूंची तिकिटे पाही. सगळे जुळले तर त्या वेबिलावर आपली सही करून तो पुढच्या थांब्यावर उतरे.