रानातला मुक्काम आणि मण्यार

पावसाळा सुरू झाला की दाभोसा धबधबा, सूर्यमाळ, हनुमान पॉइंट या नावांची शनिवार-रविवारी चलती होते. मुंबई-नाशिकची मंडळी आता जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर, कुडाच्या घरात मुक्कामालाही येतात. नाचणीची भाकरी, सारवलेली जमीन, त्यावर गोधडी. हौस चांगलीच आहे. फक्त जमिनीवर अंग टाकण्यापूर्वी मण्यारीचा विचार करायला हवा.

काळ्या-निळ्या चकचकीत अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेला हा साप रात्री उंदीर, पाली, लहान साप शोधत घरात शिरतो. झोपलेल्या माणसाने कूस बदलली आणि तो दबला की चावतो. हा दंश बहुधा दुखत नाही, सूज येत नाही, खुणाही अनेकदा सापडत नाहीत. पहाटे माणूस उठतो तो पोट दुखते, उलटी होते, घसा धरला आहे असे सांगत. दोष जातो रात्रीच्या जेवणाला. (क्वचित डॉक्टरही तिथेच फसतात.) थोड्या वेळाने पापण्या मिटू लागतात, बोलणे बोबडे होते, घोट गिळता येत नाही आणि मग श्वास मंदावतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे असे काही झाले, तर साप दिसला नसला तरी मण्यार गृहीत धरावी.

हे विष मज्जातंतूंची टोके निकामी करते. प्रतिविष रक्तातले मोकळे विष निष्प्रभ करते, पण झालेली इजा भरून काढत नाही. म्हणून उशीर महागात पडतो. टोके पुन्हा वाढेपर्यंत, कधी कित्येक दिवस, रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. या काळात बाहुल्या विस्फारून स्थिर राहू शकतात आणि रुग्ण गेल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो आतून शुद्धीवर असू शकतो आणि पूर्ण बराही होऊ शकतो.

भारतात सर्पदंशाने वर्षाला सुमारे 58,000 मृत्यू होतात, असा 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. यातले अनेक जण दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाहीत. भगताकडे जाणाऱ्याला हसण्यात अर्थ नाही. तो पाड्यावर असतो, गाडी नसते. शहरातले पाहुणेही काही कमी करत नाहीत. दोरी आवळतात, ब्लेडने चीर देतात, साप मारायला धावतात. यातले काहीच करू नये. रुग्णाला चालवू नये, दंशाचा अवयव हलू देऊ नये, 108 ला फोन करावा. जव्हारचे उपजिल्हा किंवा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठावे. सरकारी रुग्णालयात प्रतिविष मोफत मिळते.

खोली ठरवताना लोक धबधबा किती लांब, हे विचारतात. रात्री गाडी मिळेल का आणि फोनला रेंज कुठे येते, हेही विचारावे. झोपायला खाट मागावी. ती नसेल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात. नेपाळच्या तराईतील अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी झाल्याचे दिसले आहे, आणि डास टळतात ते वेगळेच.