पाठीवरून चाकांवर

‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण बदलीच्या नोकरीतल्या माणसाला लावून मोकळे होतो. अमेरिकेतल्या पिकअपवाल्यांनी ती शब्दशः खरी केली. ट्रकच्या मागच्या हौद्यात आख्खं घर सरकवायचं आणि निघायचं. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं त्यात. झोपायची जागा बहुधा ड्रायव्हरच्या केबिनच्या टपावरून पुढे आलेली. लेखक जॉन स्टाइनबेक १९६० साली चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन देश बघायला निघाला तो अशाच कॅम्परमधून, आणि ट्रकला त्याने डॉन किहोतेच्या घोड्याचं नाव दिलं, रोसिनान्ते. त्या दशकात या घरांची एवढी चलती होती, की फोर्डने ‘कॅम्पर स्पेशल’ म्हणून वेगळे ट्रक विकले आणि शेवरोलेने १९६८ मध्ये खास साडेआठ फुटी हौद्याचा ‘लाँगहॉर्न’ काढला. साठ वर्षांत त्यातले बहुतेक ट्रक गंजून गेले, कॅम्पर मात्र परसात विटांच्या ठोकळ्यांवर उरले. आता हौशी लोक त्यांना चाकं लावून ट्रेलर करतात. जुन्या वस्तूंचे सोवळे भक्त याला विटंबना म्हणतात. माझ्या मते विटंबनेचा आरोप निराधार आहे. दोष असतो तो कामाच्या पद्धतीत, आणि तो कुठे असतो हे एका रूक्ष सरकारी नियमात पन्नास वर्षांपासून लिहून ठेवलेलं आहे.

आधी लोक या भानगडीत का पडतात ते पाहू. हौस आहेच, पण खरं कारण वजनाचं आहे. आजचा साधा पिकअप म्हणजे चार दारं, पाच माणसं आणि मागे जेमतेम साडेपाच फुटांचा हौदा. आठ फुटी हौद्यासाठी बांधलेलं घर त्यात बसतच नाही. बसलं तरी असा ट्रक पाठीवर दीड-दोन हजार पौंडच घेतो, ओढतो मात्र त्याच्या कितीतरी पट. समजा कॅम्पर २,५०० पौंडांचा आणि त्याखालचा सांगाडा ९०० पौंडांचा. एकूण ३,४०० पौंड ट्रेलरवर गेले, की त्यातला साधारण बारा टक्के, म्हणजे चारशेच्या आसपास पौंड एवढाच भार ट्रेलरच्या पुढच्या दांडीवाटे ट्रकवर येतो. जे ओझं पाठीवर झेपत नव्हतं ते मागे बांधलं की सहज निघतं.

आता तो नियम. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा मानकांत १२६ क्रमांकाचं मानक होतं, विषय: ट्रकवर कॅम्पर लादणं. ते १९७३ पासून लागू झालं. पुढे त्यातला मजकूर ग्राहकांना द्यायच्या माहितीच्या नियमांत गेला आणि १२६ हा आकडा २००७ मध्ये इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रणाला मिळाला. एकाच क्रमांकावर आधी घर पाठीवर कसं ठेवावं हे होतं आणि आता गाडी घसरू नये म्हणून संगणकाने ब्रेक कसे लावावेत हे आहे! विषय तसा एकच म्हणायचा. या नियमातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली म्हणजे व्याख्या. छप्पर, तळ आणि बाजू असलेली, ट्रकच्या हौद्यावर बसवता येईल आणि वापरणाऱ्याला काढता येईल अशी रचना म्हणजे सरकता कॅम्पर. काढता येणं हा इथे वस्तूच्या स्वभावाचाच भाग आहे. ट्रक हा या घराचा देह कधीच नव्हता. तो वाहक होता, आणि वाहक बदलला म्हणून घर बाटत नाही. दुसरी गोष्ट गुरुत्वमध्याची. कॅम्पर बनवणाऱ्याने वजन आणि गुरुत्वमध्याची जागा सांगायची, ट्रक बनवणाऱ्याने तो बिंदू हौद्याच्या कोणत्या पट्ट्यात पडला पाहिजे हे आकृती काढून दाखवायचं, आणि मालकाने दोन्ही जुळवून पाहायचं. जवळजवळ पत्रिका जुळवण्यासारखंच, फक्त इथे गुण खरोखर मोजता येतात.

अडचण अशी, की लोक ज्यांच्यावर जीव टाकतात ते कॅम्पर बहुधा १९७३च्या आधीचे. मिशिगनमधल्या बेंटन हार्बरच्या ‘एव्हियन’ कंपनीचे अ‍ॅनोडाइझ्ड अ‍ॅल्युमिनियमचे, रिव्हेट मारलेले सी-१० आणि सी-११ त्याच काळातले. तेव्हा ही माहिती देणं बंधनकारक नव्हतं. मग गुरुत्वमध्य शोधायचा कसा? ट्रक वजनकाट्यावर दोनदा न्यायचा, एकदा रिकामा आणि एकदा कॅम्परसकट. हातात दोन चिठ्ठ्या येतात, प्रत्येकीवर पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचं वेगळं वजन. लाँगहॉर्नच्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर १३३ इंच होतं, तेच हिशेबाला घेऊ. समजा कॅम्पर चढवल्यावर मागचा अ‍ॅक्सल २,३५० पौंडांनी वाढला आणि पुढचा फक्त १५० ने. पुढची वाढ भागिले एकूण वजन, गुणिले १३३, उत्तर आलं ८. म्हणजे घराचा गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या ८ इंच पुढे. ट्रकसाठी हे उत्तम. ट्रेलरसाठी हेच घातक. सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत लोकप्रिय पद्धत अशी, की जुना पिकअप केबिनच्या मागे कापायचा, मागच्या अर्ध्या भागाला दांडी जोडायची आणि त्याच हौद्यात तेच घर ठेवायचं. हिच, म्हणजे दांडी ट्रकला जोडली जाते ती जागा, तिथपासून अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर १८० इंच धरलं, तर सांगाड्याचं वजन वगळून दांडीवर ८ भागिले १८०, म्हणजे साडेचार टक्केही भार येत नाही. हवा असतो दहा ते पंधरा टक्के. बैलगाडीत ओझं मागे सरकलं की गाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. फरक एवढाच, की ताशी साठ मैलांच्या वेगात उलाळ ट्रेलर जू न उचलता शेपटी हलवू लागतो, आणि ते झोके वाढत जाऊन पुढच्या गाडीलाही फरफटत नेतात. बारा टक्के हवे असतील तर अ‍ॅक्सल गुरुत्वमध्याच्या ८ नव्हे, साधारण २१ ते २२ इंच मागे हवा. ट्रकवर जे शिस्तीत बसलं होतं तेच त्याच अ‍ॅक्सलवर बेशिस्त होतं, आणि जुना हौदा जसाच्या तसा वापरणाऱ्यांना हे पटवणं फार कठीण जातं, कारण डोळ्यांना तर सगळं मूळच्या जागीच दिसत असतं.

म्हणून सांगाडा नवा हवा, सपाट आणि बुटका. इथे कॅम्परच्या अंगचा एक जुना अवगुण कामी येतो. हौद्यातल्या चाकांच्या उंचवट्यांमध्ये बसावा म्हणून त्याचा खालचा भाग जेमतेम चार फूट रुंद, आणि कठड्याच्या वर तो दोन्ही बाजूंना पंखांसारखा पसरलेला. ट्रेलरवर हे पंख अधांतरी लोंबतात, दिसायला विचित्र दिसतात, पण त्यांच्याच खाली चाकं पुढे-मागे हवी तिथे बसवता येतात. पुढे टपावर येणाऱ्या पलंगाचा प्रश्न मात्र अवघड. खाली केबिन नाही, नुसती दांडी. अरुंद वळणावर तो ओढणाऱ्या उंच गाडीच्या पाठीला भिडू शकतो. काही जण तो कापून टाकतात, आणि तिथे मात्र विटंबना हा शब्द मीही वापरेन. दांडी लांब केली की प्रश्न सुटतो, शिवाय लांब दांडीचा ट्रेलर कमी झुलतो आणि उलटा घेताना कमी रुसतो.

एवढ्या खटाटोपापेक्षा तयार जुना ट्रेलर घ्यावा, हा आक्षेप वजनदार आहे. कॅम्परचे बहुतेक सांगाडे लाकडी, वर पत्रा, आणि पलंगाच्या पुढच्या कोपऱ्यांतून पाणी मुरून लाकूड कुजलेलं. असं घर चाकांवर चढवलं तर पहिल्या खडबडीत रस्त्यावर ते स्वतःच खाली उतरेल. कुजका कॅम्पर घेऊ नये, हे मान्य. पण कोरड्या राहिलेल्या कॅम्परला हा आक्षेप लागू नाही. दुसरा आक्षेप रोसिनान्तेचा. कॅलिफोर्नियात सलिनासच्या स्टाइनबेक केंद्रात तो ट्रक घरासकट उभा आहे, मग तिथेही वेगळं कराल का? मुळीच नाही. तिथे ट्रक आणि घर या जोडीलाच इतिहास आहे. परसातल्या निनावी घराचा ट्रक केव्हाच भंगारात गेला, मग त्याची जोडी कोणाशी जपायची?

उरला कायदा, आणि तो गमतीदार आहे. ट्रकच्या पाठीवरचा कॅम्पर अनेक राज्यांत वाहन नसून नुसतं ओझं असतो. चाकांवर कायमचा जडवला की तो वाहन होतो. मग नोंदणी आली, दिवे आले, ठरावीक वजनापुढे स्वतंत्र ब्रेक आले. कॅलिफोर्नियात तर कॅम्परमध्ये, आतून आणि बाहेरून उघडणारी वाट असेल तर, बसून प्रवास करता येतो, पण साध्या प्रवासी ट्रेलरमध्ये नाही. म्हणजे चाकं मिळाली आणि माणसं उतरवावी लागली! मला यातून वेल्डिंगवाल्यांविरुद्ध एक मुद्दा मिळतो. घर सांगाड्याला वितळवून जोडू नये, बोल्ट आणि पट्ट्यांनी आवळावं. कोपऱ्यांवरचे चार जॅक काढून विकू नयेत, प्रवासात फक्त वर उचलून घ्यावेत. मग कधी एखादा साडेआठ फुटी हौद्याचा ट्रक हाती लागला, तर चारही जॅक खाली सोडायचे, बोल्ट काढायचे, ट्रेलर पुढे ओढून घ्यायचा आणि ट्रक मागे घेऊन घराखाली लावायचा.