बोटाच्या हुकमाची खुर्ची विमानात बसते तेव्हा

बॅटरीवर चालणाऱ्या व्हीलचेअरचा ब्रेक उलटा असतो. मोटारसायकलचा ब्रेक आपण दाबतो तेव्हा लागतो; हिचा कायम लागलेलाच असतो. प्रत्येक मोटरच्या टोकाला एक चकती असते आणि स्प्रिंगा तिला सतत आवळून धरतात. जॉयस्टिक पुढे सरकली की तारेच्या वेटोळ्यात वीज जाते, त्याचं चुंबक होतं, ते स्प्रिंगांचा दाब मागे ओढतं आणि चाक मोकळं होतं. वीज थांबली की स्प्रिंगा पुन्हा आवळल्या! म्हणून भर चढावर बॅटरी संपली, वायर तुटली, तरी खुर्ची मागे घरंगळत नाही. धरायला वीज लागत नाही, सोडायला लागते. इतकी साधी आणि इतकी माणसाची काळजी घेणारी युक्ती मी यंत्रांत क्वचितच पाहिली आहे.

पण हीच खुर्ची विमानात न्यायची म्हटली की तिचा मालक वर सीटवर बसतो आणि ती सामानाबरोबर जाते. बंद खुर्ची म्हणजे जागचा न हलणारा धोंडा. मजबूत बनावटीची असेल तर शंभर किलोच्याही वर. तिच्या मोटरींपाशी ब्रेक हाताने सोडवायचे खटके असतात. ते ठाऊक नसलेला माणूस तिला ओढतो, रेटतो, हाताला येईल तिथे धरून उचलतो, आणि हाताला सगळ्यात आधी येते ती जॉयस्टिक.

गडहिंग्लजकराला विमान तसं लांब नाही. संकेश्वरला हायवेला लागलं की डावीकडे कोल्हापूरचं उजळाईवाडी, उजवीकडे बेळगावचं सांबरा. उलट्या दिशेनं आजरा, आंबोली करत उतरलं तर गोव्याचं मोपा. उजळाईवाडी-सांबऱ्याला एटीआर ७२, एम्ब्रेअर अशी छोटी विमानं येतात. छोट्या विमानात मोठी खुर्ची कशी मावणार, असं कुणालाही वाटेल. गंमत इथेच आहे. बोइंग ७३७ एवढं मोठं, पण त्याच्या पोटातल्या सामानाच्या दाराची उंची जेमतेम ८५-९० सेंटिमीटर. पाठ दुमडत नसेल तर खुर्ची आडवी करावी लागते आणि मोडतोड होते ती त्यातच. एटीआर ७२ ला मात्र खाली पोटच नाही. सामानाची पुढची खोली वैमानिकांच्या मागे, प्रवाशांच्याच पातळीवर असते आणि तिचं दार सुमारे दीड मीटर उंच! दाराच्या मापापुरतं बोलायचं तर तिथे खुर्ची उभीच्या उभी आत जाते. म्हणून तिकीट काढण्याआधी विमान कोणतं हे विचारायला हवं.

मग बॅटरी. जुन्या पद्धतीच्या खुर्चीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. त्या न सांडणाऱ्या, जेलच्या असतील तर खुर्चीतच राहू शकतात. पातळ आम्लाच्या असतील तर उभ्याच ठेवाव्या लागतात. लिथियमचा हिशेब वेगळा. तिचा एक सेल बिघडून तापला की कडब्याच्या गंजीत एक पेंढी पेटावी तसा शेजारचा तापतो, मग त्याच्या शेजारचा. सामानकक्षातला हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, पण सेल थंड करत नाही. त्याला पाणी लागतं, आणि पाणी ओतायला माणूस. म्हणून घडीच्या खुर्चीची काढता येणारी बॅटरी काढून केबिनमध्ये, माणसांच्या नजरेसमोर न्यायची असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. मर्यादा ३०० वॉट-तासांची. दोन बॅटऱ्या असतील तर प्रत्येकी १६०. व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणा. २४ व्होल्ट, १२ अँपिअर-तास म्हणजे २८८, चालेल. २४ आणि २० म्हणजे ४८०, ती थांबेल. खुर्चीच्या सांगाड्यात पक्की बसवलेली, कवचातली बॅटरी मात्र आतच राहते आणि तिला ही मर्यादा नाही, कारण तिला मार लागत नाही आणि तिची टोकं उघडी पडत नाहीत.

ही सगळी माहिती चार-चार इंग्रजी अक्षरांत पुढे पोचते. डब्ल्यूसीएचसी म्हणजे प्रवासी अजिबात चालू शकत नाही, त्याला मधल्या वाटेत मावणाऱ्या अरुंद खुर्चीवरून सीटपर्यंत न्या. डब्ल्यूसीएलबी म्हणजे त्याची खुर्ची लिथियमवर चालते. तिकिटावर ही अक्षरं चढली की अनोळखी गावातल्या अनोळखी माणसांना तयारी करता येते.

जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेसाठी मुंबईत आले. विजेची खुर्ची घेऊन ते खंड ओलांडून आले, मुंबईत ५९ वा वाढदिवस साजरा केला, आणि महिंद्र कंपनीनं त्यांची खुर्ची आत चढेल अशी गाडी तयार करून दिली. हॉकिंग यांच्यासाठी जे झालं ते गडहिंग्लजच्या एखाद्या विद्यार्थिनीसाठीही व्हायला हवं. चाकाची खुर्ची कोल्हापूरला परकी नाही. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था सुरू केली ती इथेच. कायदाही बाजूने आहे. २०१२ मध्ये जीजा घोष यांना अपंगत्वामुळे गोव्याला निघालेल्या विमानातून उतरवलं गेलं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना दहा लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. खुर्ची नेण्याचे पैसे पडत नाहीत, मात्र कंपनीला ४८ तास आधी कळवावं लागतं.

तुमच्या घरातलं कुणी अशा प्रवासाला निघणार असेल तर खुर्चीची उंची, रुंदी, वजन आणि बॅटरीवरचा आकडा कळवून ठेवा. पाठीवर जाड पुठ्ठा बांधा आणि मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजीत ठळक लिहा : ब्रेकचे खटके इथे आहेत, आधी सोडवा, मग ढकला. बाण काढा. जॉयस्टिक निघत असेल तर काढून आपल्या पिशवीत घ्या. बाकी खुर्ची धडधाकट पोचली तरी जॉयस्टिकवाचून ती तसूभर हलणार नाही.