पंचमीची फुगडी बारा महिने

 हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज आधी आम्हीच तुम्हाला एक प्रश्न विचारतो. तुम्ही शेवटची फुगडी कधी खेळलात?

आमच्या गटाच्या बैठकीत हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्या आधी हसल्या. मग एकेक उत्तर आलं. "लग्नाच्या आधी." "थोरली पोटात राहिली त्याच्या आदल्या पंचमीला." एक आक्का म्हणाल्या, "आठवत नाही बाई." त्यावर मात्र कुणी हसलं नाही.

हा प्रश्न निघाला त्यामागं एक कारण होतं. आमच्या गटातल्या एका ताईंच्या सासूबाई न्हाणीत घसरून पडल्या. घरातली सगळी रानात होती. आजींचं हाड मोडलं नव्हतं, रक्त आलं नव्हतं, पण जमिनीवरून उठताच येईना. दुपारपासून धारा काढायच्या वेळेपर्यंत त्या ओल्या फरशीवर पडून होत्या. नंतर त्या म्हणाल्या, "पडल्याचं दुखलं नाही गं, उठता येईना त्याचं दुखलं."

त्या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर आम्ही गटाची वही उघडून बसलो. अंतर्गत कर्ज कशासाठी घेतलं जातं? बी-बियाणं, शाळेचा खर्च आणि तिसरा दवाखाना. कंबर, गुडघे, चक्कर, धाप. कर्जाची चर्चा आपण दर महिन्याला करतो, गुडघ्याची कधी करतो का? तिथून आमचा 'खेळाचा तास' सुरू झाला. समाजमंदिरात, आठवड्यातून ४ दिवस, पाऊण तास. शहरात याला फिटनेस सेंटर म्हणतात, डान्स क्लास म्हणतात, महिन्याची फी घेतात. आम्ही ते पंचमीच्या खेळांवर उभं केलं. ते कसं केलं आणि त्यात काय काय शिकलो, ते आज सांगतो.

पहिली अडचण आमच्याच मनात होती. "दिवसभर राबतो तोच व्यायाम झाला की! आणखी कशाला?" हे निम्मं खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलेलं माप असं: मोठ्या माणसानं आठवड्यात किमान १५० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल करावी आणि निदान २ दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. शाळकरी मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं खेळ हवा. आणि ६५ च्या पुढच्यांनी आठवड्यात ३ दिवस तोल सांभाळायचा सराव करावा. यातल्या मिनिटांचा हिशेब आपला शेतावरच पुरा होतो. मग राहतं काय?

भांगलण करताना बाई तासन्‌तास पुढं वाकलेली असते. धुणं, भांडी, सारवण, चूल, सगळीकडं कंबर पुढंच वाकते. मागं ताणली कधी जाते? वैरणीचा भारा डोक्यावर घेतला की मान आणि मणके दबतात, ते मोकळे कधी होतात? खुरपं एकाच हातात असतं. म्हणजे कामानं अंग झिजतं ठरावीक जागी आणि ताकद येते तीही ठरावीक जागी. खांदे वर जाणं, छाती उघडणं, एका पायावर तोल घेणं, गिरकी घेणं हे कामात येत नाही. आणि कामात आपण थकल्यावर थांबत नाही, काम संपल्यावर थांबतो. व्यायामात अंगाला विचारून थांबता येतं. फरक तो आहे.

आता आपले खेळ बघा. फेरात पाऊल पुढं, पाऊल मागं, कंबर वाकते आणि लगेच सरळ होते. झिम्म्यात हात खांद्याच्या वर जातात आणि टाळीसाठी जागा बदलताना पायांना चपळाई लागते. सूप किंवा घागर घेऊन खेळताना हातांना आणि खांद्यांना काम मिळतं. फुगडीत दोघी हातांची अढी घालतात, पावलं जवळ ठेवतात आणि अंग मागं टाकतात. एकीचं वजन दुसरीला तोलतं. मांड्या, पोट, हाताची पकड, सगळं एकदम कामाला लागतं.

फुगडी थांबली तरी घर फिरतं ते का? आपल्या कानात आतल्या बाजूला बारीक नळ्या असतात आणि त्यांत पाण्यासारखा द्रव असतो. बादलीतलं पाणी हातानं ढवळून हात काढला तरी पाणी फिरत राहतं, तसंच तिथं होतं. आपण थांबलो तरी तो द्रव हलत राहतो आणि मेंदूला वाटतं, अजून फिरतोच आहोत. म्हणून फुगडी झटकन सोडायची नाही. वेग कमी करत यायचं, एकमेकींचे हात धरूनच उभं राहायचं, समोरच्या एकाच वस्तूकडं बघायचं.

दम किती लागावा, याचं माप गाण्यातच आहे. खेळताना आरामात गाणं म्हणता येतंय, तर हालचाल हलकी आहे. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर बरोबर आहे. एक वाक्यही पुरं होत नाही, तर वेग कमी करा. थोड्याशा हालचालीनंच धाप लागत असेल तर रक्त तपासून घ्या. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. तपासणीत कमी निघालं तर दिलेल्या लोहाच्या गोळ्या नेमानं घ्या, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका. चहानं जेवणातलं लोह अंगाला कमी लागतं.

आमचा तास असा असतो. पहिली १० मिनिटं सावकाश फेर, मान-खांदे-घोटे मोकळे करणं. पुढची २० मिनिटं खेळ. शाळकरी मुली लेझीम आणि उड्यांचे खेळ घेतात, मधल्या वयाच्या झिम्मा-फुगडी, आजी लोक भिंतीजवळ टाळ्यांचा फेर. मग १० मिनिटं ताकद आणि तोल. पाण्यानं भरलेल्या लिटरच्या बाटल्या हातात घेऊन हात वर-खाली करणं, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं-बसणं, भिंतीला बोट टेकवून एका पायावर उभं राहणं. पाळी गेल्यावर बाईची हाडं झपाट्यानं ठिसूळ होतात, म्हणून पायांवर भार घेणारे व्यायाम आणि तोल यांना आम्ही सुट्टी देत नाही. शेवटची ५ मिनिटं पाठीवर पडून श्वास. दिवसाउजेडी कुणी हाक न मारता ५ मिनिटं पडायला मिळतं, यासाठी येणाऱ्याही आहेत.

दर आठवड्याला एक गोष्ट सगळ्यांना करावीच लागते, ती म्हणजे जमिनीवरून उठायचा सराव. पडल्यावर आधी घाई करायची नाही. कुठं फार दुखत असेल, पाय हलत नसेल तर उठायचं नाही, हाक मारायची. ठीक असेल तर कुशीवर वळायचं. कोपरावर भार देऊन हात-गुडघ्यांवर यायचं. रांगत खुर्चीपर्यंत किंवा बाजेपर्यंत जायचं. दोन्ही हात तिच्यावर टेकवायचे, बळकट पाय पुढं घ्यायचा, जोर लावून उठायचं आणि लगेच बसायचं. खुर्ची मात्र भिंतीला टेकलेली हवी.

आता एक गोष्ट जी बैठकीत कुणी बोलत नव्हतं. तास सुरू झाल्यावर काही जणी झिम्म्याला मागं राहायच्या. "पाय दुखतोय" म्हणायच्या. एकीनं शेवटी कानात सांगितलं, उडी मारली की लघवी सुटते. मग कळलं, ती एकटी नव्हती. बाळंतपणानंतर, वयानं, जड भारे उचलून ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतात, त्यामुळं खोकताना, शिंकताना असं होतं. हे लाजेचं नाही आणि "बाईच्या जन्माला आलंच" असंही नाही. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळतो, ते बसल्या जागी आवळायचे, ५ आकडे मोजायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे. असं १० वेळा, दिवसातून ३ वेळा. श्वास रोखायचा नाही. लघवी करता करता मध्येच थांबवून हा व्यायाम करायचा नाही. २-३ महिने नेमानं केलं की पुष्कळ जणींना फरक पडतो. पण अंग बाहेर येत असेल, जळजळ होत असेल, तर डॉक्टरांना दाखवाच, आणि तोवर उड्या व जड ओझं बंद.

दुसरी गोष्ट याहून अवघड होती. पंचमीच्या, गौरीच्या खेळात नवरा गेलेल्या बाईला रिंगणात घेत नसत, हे तुम्हाला सांगायला नको. ती भिंतीला टेकून बसायची आणि गाणी सांगायची, कारण गाणी तिलाच जास्त पाठ. आमच्या तासालाही एक मावशी तशाच बसल्या. "मी सांगते, तुम्ही खेळा." खरं सांगतो, आमच्यातल्या काही जणींनाही ते बरोबरच वाटलं. पहिले दोन आठवडे कुणी काही बोललं नाही. मग एका सातवीतल्या मुलीनं, तिची जोडीदारीण आली नव्हती म्हणून, मावशींपुढं हात केला. तिला नियमच माहीत नव्हता. मावशींनी आमच्याकडं बघितलं. आम्ही मान हलवली, पण ती आधीच हलवायला हवी होती.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या विधवांच्या प्रथा बंद करायचा ठराव केला. असा ठराव आपापल्या गावात जरूर व्हावा. पण ठराव झाल्यावरही रिंगणातून कुणीतरी हात पुढं करावा लागतो. आमच्या तासाचा पहिला नियम आता तोच आहे: भिंतीला टेकून बसायचं ते फक्त दमल्यावर.

तुम्हाला सुरू करायचं असेल तर फार काही लागत नाही. समाजमंदिर, शाळेचा वर्ग किंवा मोठी पडवी बघा. जागेसाठी ग्रामपंचायतीला गटाच्या नावानं अर्ज द्या आणि पोच घ्या. फरशी कोरडी हवी, पदर खोचलेला हवा, पायात मोजे नकोत. वेळ बायकांना विचारून ठरवा. आमची ४ ते पावणेपाच आहे, धुणीभांडी उरकल्यावर आणि धारांच्या आधी. सुगीत आम्ही ४ ऐवजी २ दिवस करतो, पण बंद करत नाही. प्रत्येकीकडून महिन्याला १० रुपये घेतो, त्यात सतरंज्या, पाणी, बल्ब भागतं. हिशेब गटाच्या वहीत वेगळ्या पानावर ठेवतो. शिकवायला बाहेरून कुणी आणलं नाही. लेझीम मुलींना येते, गाणी आज्यांना येतात. आशाताईंना विनंती करा आणि उपकेंद्रात सगळ्यांचा रक्तदाब, साखर आधी तपासून घ्या.

गरोदर बायकांनी, रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी, चक्कर येणाऱ्यांनी फुगडी आणि उड्या टाळाव्यात, फेर आणि श्वास चालेल का ते डॉक्टरांना विचारावं. छातीत दुखलं, डोळ्यापुढं अंधारी आली, तर तिथंच थांबून दवाखाना गाठावा. गुडघे दुखणाऱ्यांनी उकिडवं बसून खेळायचे खेळ सोडून द्यावेत.

बोलणारे बोलतात. "हे काय नाचायचं वय आहे?" असं आम्हालाही ऐकावं लागलं. आम्ही वाद घातला नाही. बोलणाऱ्यांच्याच घरातल्या बायकांना एक दिवस बघायला बोलावलं. बघायला आलेली बाई दाराशी फार वेळ उभी राहत नाही, असा आमचा अनुभव आहे.

आणि त्या आजी? आधी त्या सुनेचा हात धरून यायच्या. खुर्चीवरून उठायला त्यांना महिना लागला, जमिनीवरून उठायला सहा. ज्या दिवशी त्या कुणाचा हात न घेता बाजेला धरून उभ्या राहिल्या, त्या दिवशी आम्ही टाळ्या वाजवल्या. त्या रागावल्या. म्हणाल्या, "टाळ्या काय वाजवता? झिम्मा सुरू करा."

तर मैत्रिणींनो, पंचमीची वाट बघू नका. या आठवड्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की तो प्रश्न विचारा, आणि उत्तर ऐकून झाल्यावर तिथंच दोघींनी उठून एक फुगडी घाला. पुढच्या वेळी भेटू तेव्हा कुणाकुणाच्या गावात तास सुरू झाला, ते आम्हाला कळवा. तोवर सगळ्यांना नमस्कार.