राजूर घाट ते चेन्नई

राजूर घाटात पल्सर वाकवली की झालो रेसर, असं हॉस्टेलवर पुष्कळांना वाटतं. मलाही रेसिंगचं वेड आहे, म्हणून खरा रस्ता सांगतो.

आधी ट्रॅकवरचं ट्रेनिंग, मग एफएमएससीआयचं लायसन्स. त्यानंतर वन-मेक रेस. टीव्हीएससारखी कंपनी टाइम ट्रायल घेऊन मुलं निवडते आणि सगळ्यांना सारखीच बाइक देते. म्हणजे ‘त्याची गाडी जास्त सीसीची’ ही सबब संपली! इथे चमकलात तर राष्ट्रीय स्पर्धेत कंपनीची टीम, पुढे आशियाई स्पर्धा. पुण्याचा सार्थक चव्हाण होंडा इंडिया टॅलेंट कपमध्ये असाच पुढे आला. चेन्नईचा सरथ कुमार तर २०११ मध्ये १२५ सीसीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये उतरला.

पण ट्रॅकच कशाला? चेन्नईजवळच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर तेच वळण पुन्हा पुन्हा येतं, म्हणून ब्रेक किती उशिरा मारता येतो ते घड्याळावर कळतं. चुकलात तर मोकळी जागा, मार्शल, अ‍ॅम्ब्युलन्स. घाटात चुकलात तर समोरून एस.टी.!

लेदर सूट, फी, प्रवास, सगळंच महाग, कबूल. पण घाटात पाय मोडला तर त्याचंही बिल घरचेच भरतात. तेव्हा पॉकेटमनी साठवा, सुट्टीत एकदा ट्रॅकवर जा आणि स्टॉपवॉच काय म्हणतं ते बघा.