मेथनॉल शरीरात विष कसं बनतं? आणि इथेनॉल त्यावर उतारा कसा ठरतं?

जून २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरहून अधिक जणांचा जीव घेतला. अशा बातम्यांमध्ये एक नाव हमखास येतं, ते म्हणजे मेथनॉल.

पण मेथनॉल पोटात गेल्या गेल्या माणूस दगावत नाही. खरं घातक विष त्यापासून नंतर तयार होतं, आणि ते तयार करतं आपलंच शरीर. हे काम यकृतातलं एक एन्झाइम करतं.

एन्झाइम म्हणजे नेमकं काय?

शाळेच्या पुस्तकात याला 'विकर' म्हणतात. बहुतेक एन्झाइम्स ही प्रथिनं असतात. अमिनो आम्लांची लांब साखळी ठरावीक पद्धतीने दुमडते आणि तिच्यात एक खाच तयार होते. ज्या रेणूवर काम करायचं, तो या खाचेत येऊन बसतो.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये याला कुलूप-किल्लीची उपमा दिली. पुढे १९५८ मध्ये डॅनियल कोशलँड यांनी सांगितलं की हे कुलूप ताठर नसतं. हात घातल्यावर हातमोजा जसा आकार घेतो, तशी रेणू बसताना खाचही थोडी बदलते.

आणि ऊर्जेचं काय?

पुण्याहून कोकणात उतरायचंय असं समजा. कोकण खाली आहे, तरी आधी घाटमाथ्यापर्यंतचा चढ चढावाच लागतो. रासायनिक अभिक्रियेतही सुरुवातीला असाच चढ असतो. त्याला सक्रियण ऊर्जा म्हणतात. एन्झाइम या डोंगरातून जणू बोगदा काढतं. पुणे आणि कोकण यांच्या उंचीत फरक पडत नाही, म्हणजे अभिक्रियेतून मिळणारी एकूण ऊर्जा तेवढीच राहते. फक्त चढ कमी होतो आणि काम कितीतरी पट वेगाने होतं.

मग गडबड कुठे होते?

यकृतातल्या या एन्झाइमचं नाव अल्कोहोल डिहायड्रोजिनेज. त्याच्या खाचेत जस्ताचा अणू असतो, तो अल्कोहोलचा रेणू धरून ठेवतो. नेहमीच्या दारूत असतं इथेनॉल. पण मेथनॉलही त्याच जातीचं आणि आकाराने लहान, त्यामुळे तेही या खाचेत बसतं.

इथेनॉलपासून ॲसिटाल्डिहाइड आणि मग ॲसिटिक आम्ल बनतं. मेथनॉलपासून मात्र फॉर्माल्डिहाइड आणि पुढे फॉर्मिक आम्ल बनतं. हे आम्ल शरीरातून लवकर बाहेर जात नाही, साचत राहतं. रक्त आम्लधर्मी होतं, पेशींना ऑक्सिजन वापरता येत नाही. डोळ्यांच्या नसेला याचा मोठा फटका बसतो, म्हणून अनेकांची दृष्टी जाते.

हे सगळं घडायला वेळ लागतो. गंभीर लक्षणं कधी कधी १२ ते २४ तासांनी दिसतात. म्हणून "मला तर काहीच झालं नाही" यावर विसंबून राहणं धोक्याचं आहे.

उतारा कसा काम करतो?

खाच एकच, आणि तिथे बसू पाहणारे दोन. मेथनॉलपेक्षा इथेनॉल या खाचेत कितीतरी घट्ट बसतं. डॉक्टर मोजून इथेनॉल देतात तेव्हा एन्झाइम त्यातच गुंतून राहतं आणि मेथनॉलचं विष होणं थांबतं. तोवर डायलिसिसने मेथनॉल आणि साचलेलं आम्ल बाहेर काढता येतं. फोमेपिझोल हे औषधही तीच खाच अडवून धरतं, आणि त्याने नशा होत नाही.

मग घरीच थोडी दारू पाजली तर?

अजिबात नको. उतारा किती द्यायचा हे रक्ताच्या तपासण्या पाहून ठरतं, आणि आधीच तयार झालेल्या आम्लावर त्याचा उपयोग होत नाही. त्यासाठी वेगळे उपचार लागतात. शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता १०८ वर फोन करा आणि रुग्णालय गाठा. सोबत प्यायलेल्या इतरांनाही न्या, ते ठणठणीत दिसत असले तरी.