दशमीच्या डब्यापासून हॉकर सेंटरपर्यंत

स्वित्झर्लंडमध्ये आल्प्सच्या पोटातून बोगदा खणून १९१२ साली रेल्वे थेट युंगफ्राउयोखला नेली गेली. युरोपातलं सर्वांत उंचावरचं हे रेल्वे स्थानक, ३,४५४ मीटरवरचं. गाडीतून उतरावं, बर्फात चार पावलं टाकावीत, फोटो काढावेत आणि आत यावं तर समोर ‘बॉलिवूड’ नावाचं भारतीय रेस्टॉरंट! बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि आत जिऱ्याच्या फोडणीचा वास. मराठी सहलींतल्या हजारो आजी-आजोबांनी आल्प्सच्या माथ्यावर वरण-भाताच्या जवळपास जाणारं काहीतरी पोटभर खाल्लं आहे.

पण ही जागा त्यांनी स्वतः निवडली होती, असं म्हणता येणार नाही. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ती आधीच छापलेली असे. ‘आज जेवायचं कुठे?’ हा रोजचा साधा प्रश्न परदेशात मराठी कुटुंबाच्या स्वतःच्या हातात यायला चांगली तीन-चार दशकं लागली.

त्याच्याही आधीचा काळ वेगळाच होता. साठ-सत्तरच्या दशकांत बहुतेक मराठी घरांनी परदेश पाहिला तो पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ आणि ‘पूर्वरंग’ या पुस्तकांतून. प्रत्यक्ष जाणाऱ्यांना परकीय चलन इतकं मोजून मिळे की खिशात आठ डॉलर घेऊन अमेरिकेला उतरलेल्या विद्यार्थ्यांच्या हकिकती त्या पिढीतले लोक अजून सांगतात. अशा खिशाने हॉटेलात जेवण्याचा प्रश्नच नव्हता. ज्यांच्याकडे उतरायचं, त्यांच्याकडेच जेवायचं. म्हणून जाताना मेतकूट, लोणचं, दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या, चिवडा आणि गूळपोळ्या न्यायच्या आणि त्यातल्या निम्म्या यजमानांना द्यायच्या. तिकडच्या माणसांच्या तोंडाला पुण्या-मुंबईची चव लागून वर्षं झालेली असत. पाहुण्यांच्या बॅगेकडे त्यांचे डोळे लागलेले असत ते उगाच नाही.

मग सहल कंपन्या आल्या. केसरी पाटील यांनी १९८४ साली ‘केसरी’ ही कंपनी सुरू केली. पुढे एसओटीसीने खास मराठी मंडळींसाठी ‘भ्रमण मंडळ’ ही वेगळी शाखा काढली, आणि १९९१ नंतर हातात थोडा पैसा आलेला मध्यमवर्ग युरोपच्या बसमध्ये बसू लागला. या सहलींच्या जाहिरातींत आयफेल टॉवरइतक्याच ठळकपणे एक आश्वासन असे: भारतीय जेवण. काही सहलींबरोबर तर आचारीच जायचे. संध्याकाळी बस भारतीय रेस्टॉरंटच्या दारात उभी राहायची आणि चाळीस माणसं रांगेने आत जायची. पनीर, डाळ, भात, गुलाबजाम. शहर बदलायचं, ताट तेच राहायचं.

या प्रकाराला नंतरच्या पिढीने फार नावं ठेवली. रोममध्ये चार दिवस राहून एकाही इटालियन ठिकाणी न जेवता परतणं हे खरंच चुटपुट लावणारं आहे. तरीही एक गोष्ट मान्य करायलाच हवी. ज्या बाईने जन्मात अंडं खाल्लं नव्हतं, जिला इंग्रजी येत नव्हतं आणि चतुर्थीचा उपास मोडायचा नव्हता, ती त्या भारतीय जेवणाच्या भरवशावरच घराबाहेर पडली. तो भरवसा नसता तर तिने लुव्र पाहिलंच नसतं.

भरवसा सुटून निवड सुरू झाली ती दोन हजार सालानंतर. रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये उदारीकृत योजना आणून माणशी वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. विमानं स्वस्त झाली, आणि नवरा-बायको, दोन मुलं, सोबत एखाद-दुसरी आजी असं कुटुंब आपापलं दुबई, सिंगापूर, बँकॉकला जाऊ लागलं. पहिली पावलं अर्थातच ओळखीच्या उंबऱ्याकडे वळली. दुबईत सरवणा भवन, लंडनमध्ये युस्टन स्थानकामागच्या ड्रमंड स्ट्रीटवरचं सत्तरच्या दशकापासून चाललेलं दिवाणा भेळपुरी हाऊस. मंदीत नोकरी गेल्यावर सुजय सोहनी आणि सुबोध जोशी या मुंबईकर मित्रांनी २०१० मध्ये लंडनच्या हाउन्स्लो भागात श्रीकृष्ण वडापाव सुरू केलं. मग लंडन पाहायला गेलेली मराठी कुटुंबं वाकडी वाट करून तिथे जाऊ लागली. भारतीयच खायचं, पण कुठे ते आपण ठरवायचं, एवढा बदल झाला होता.

मग घरातल्या मुलांच्या हातात फोन आले.

ट्रिपॲडव्हायझर २००० साली निघालं, गूगल मॅप्स २००५ मध्ये आलं, आणि पुढच्या दहा वर्षांत सहलीतल्या जेवणाचा निर्णय घरातल्या सर्वांत लहान माणसाकडे गेला. ‘आई, इथे ४.६ आहे आणि चालत सहा मिनिटं!’ फूटपाथवर पाच माणसं एका पडद्यात डोकी घालून उभी आहेत आणि शेजारच्या दारातून ताज्या पावाचा वास येतो आहे, हे दृश्य कुठल्याही पर्यटनाच्या शहरात दिसतं. आकड्यांनी सोय झाली हे खरं. पण आकडा म्हणजे चव नव्हे, याचा पुरावा २०१७ मध्ये लंडनमध्येच मिळाला. ऊबा बटलर या तरुण पत्रकाराने आपल्या बागेतल्या शेडला रेस्टॉरंट असल्याचं भासवलं, मित्रांकडून खोटे अभिप्राय लिहून घेतले आणि अस्तित्वातच नसलेली ती खानावळ ट्रिपॲडव्हायझरवर लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेली. लोक आरक्षणासाठी फोन करत राहिले.

जागेवर उभं राहून दोन मिनिटं पाहण्याची सवय या काळात मागे पडली, आणि ती गमावणं महागात पडतं. फ्रान्समध्ये दरांसह पदार्थांची यादी दाराबाहेर लावावीच लागते आणि दरात सेवाशुल्क धरलेलं असतं. बसण्याआधी ती शांतपणे वाचली की हिशोब आधीच कळतो. तिथे २०१४ पासून छपराखाली भांडं अशी एक छोटी खूण दिसते. पदार्थ तिथल्याच स्वयंपाकघरात कच्च्या मालापासून केला आहे, असा तिचा अर्थ. इटलीत ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी एक आकार बिलात येतो. मासे तर बऱ्याच ठिकाणी शंभर ग्रॅमच्या दराने लावतात, म्हणजे यादीतला आकडा पूर्ण माशाचा नसतोच. व्हेनिसमध्ये जानेवारी २०१८ मध्ये चार जपानी विद्यार्थ्यांना मांस आणि तळलेल्या माशांच्या जेवणाचं तब्बल १,१०० युरोचं बिल लावलं गेलं, तेव्हा महापौरांपर्यंत बोभाटा झाला आणि त्या खानावळीला दंड बसला. अमेरिकेत उलट तऱ्हा. तिथे यादीतल्या आकड्यावर कर आणि १५ ते २० टक्के टिप धरावी लागते, कारण टिप मिळवणाऱ्या वाढप्याला मालकाने तासाला किमान २.१३ डॉलर दिले तरी केंद्रीय कायद्याला चालतं, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. त्या माणसाचं घर टिपवरच चालतं. तिथलं एक ताट मात्र बहुधा दोघांना पुरतं.

जागेइतकाच घड्याळाचाही प्रश्न असतो. मराठी कुटुंब सकाळी हॉटेलातला नाश्ता दाबून करतं, दुपारी दोनपर्यंत काही मागत नाही आणि साडेतीनला सगळ्यांना एकदम भूक लागते. नेमकं तेव्हाच फ्रान्समधल्या बऱ्याच स्वयंपाकघरांचं दार बंद असतं, ते सातला उघडतं. स्पेनमध्ये रात्री नऊच्या आधी जेवायला जाणारा परदेशीच असतो. स्वित्झर्लंडच्या छोट्या गावात नऊनंतर गेलं तर खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या. तिथे मिग्रो किंवा कोऑप या दुकानांची स्वतःची उपाहारगृहं आहेत. ताट हातात घ्यायचं, दिसेल ते वाढून घ्यायचं, पैसे द्यायचे. वाढप्याची वाट पाहावी लागत नाही, मुलांना काय आवडेल ते समोर दिसतं आणि त्या महाग देशात खिसाही बराच वाचतो.

पण सगळ्यात जास्त वेळ जातो तो एका प्रश्नात: ‘ह्यात काही नाही ना?’ हे ‘काही’ म्हणजे काय, ते समोरच्याला कळत नाही. आपल्याकडे पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहिला की काम भागतं. बँकॉकमध्ये भाज्यांच्या नूडल्समध्येही माशाचा सॉस असतो आणि तो घालणाऱ्याला त्यात मांसाहार वाटतच नाही, तो तिथला मिठाचाच प्रकार आहे. जपानमध्ये साध्या दिसणाऱ्या सूपचा पाया, म्हणजे दाशी, सुकवलेल्या बोनिटो माशाच्या कापांतून निघतो. अस्सल पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतं. यांत कोणी फसवत नसतं, फक्त शब्दांचे अर्थ वेगळे असतात. म्हणून त्या-त्या देशाचा नेमका शब्द माहीत असणं हजार अभिप्रायांपेक्षा उपयोगी ठरतं. थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेलं दिसलं की तिथे मांस, मासे, अंडी आणि कांदा-लसूणसुद्धा नसतो. आपल्या कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या घरांना एवढं जवळचं जेवण दुसरीकडे क्वचितच मिळेल. व्हिएतनाममध्ये हाच शब्द ‘चाय’. तिथे चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी कितीतरी माणसं शाकाहारी जेवतात, म्हणजे प्रतिपदा-पौर्णिमा पाळणारी माणसं तिथेही आहेतच. २०१५ पासून गूगलच्या भाषांतराच्या ॲपचा कॅमेरा यादीवर धरला की ओळखीची अक्षरं उमटू लागली, आणि कित्येक आयांचा जीव भांड्यात पडला.

आणि तरीही पाच तोंडांच्या पाच तऱ्हा एका टेबलावर सांभाळायला सिंगापूरसारखं दुसरं शहर नाही. रस्त्यावर गाड्या लावणाऱ्या विक्रेत्यांना तिथल्या सरकारने १९७१ ते १९८६ या काळात छपराखाली आणलं, पाणी आणि गटाराची सोय दिली. त्यातून हॉकर सेंटरं उभी राहिली. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या संस्कृतीची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. तिथल्या चिनी बाजारातल्या एका टपरीवरच्या सोया सॉसमधल्या चिकन-भाताला २०१६ मध्ये मिशेलिनचा तारा मिळाला, तेव्हा ती ताटली जेमतेम दोन सिंगापुरी डॉलरना मिळत होती. तो तारा २०२१ मध्ये गेला. भातासाठी लोक तरीही जातातच.

सेरंगून रोडच्या तोंडाशी टेक्का सेंटर हे असंच एक हॉकर सेंटर आहे. एका अंगाला बाजार, मासे, मटण, कढीपत्त्याच्या जुड्या, केळीची पानं. दुसऱ्या अंगाला गाळ्यांच्या रांगा. आधी जागा पकडायची. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ती जागा तुमची. तिथे या रीतीला ‘चोप’ म्हणतात आणि सगळे ती पाळतात, आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो अगदी तशीच. मग एकाने आजीजवळ बसायचं, बाकीच्यांनी फिरायचं. आजीला गरम डोसा. मुलाला हैनानीज चिकन राइस. मुलीला तव्यावर उडवून केलेला रोटी पराठा, सोबतची आमटी मात्र विचारून घ्यायची, कारण ती मांसाचीही असते. बाबा एका गाळ्यापुढे दोन मग्ग्यांमध्ये हातभर उंचीवरून चहा ओढणाऱ्या माणसाकडे पाहत उभे. कोणालाही कोणाचं खावं लागत नाही, कोणाची चव मोडत नाही, आणि सगळे एकाच टेबलाशी. मुलगा भात संपवता संपवता आजीच्या डोशाचा कुरकुरीत कडेचा तुकडा मोडून घेतो.

थोडं पुढे, त्याच रस्त्यावर १९४७ पासूनचं कोमला विलास आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये सिंगापूरचे तेव्हाचे पंतप्रधान ली सिएन लूंग यांनी नरेंद्र मोदींना जेवायला तिथेच नेलं होतं. बऱ्याच मराठी कुटुंबांची सिंगापूरमधली पहिली रात्र अजूनही तिथेच जाते. दुसऱ्या रात्री मुलं टेक्काकडे ओढतात, आणि तिसऱ्या रात्री आजीच विचारते, काल तो चहा ओढत होता तिकडे जाऊया का.

सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरमध्ये आपलं ताट आपण उचलून ठेवणं बंधनकारक झालं. रॅक दोन असतात, एक हलाल आणि एक इतर. आजीची ताटली नातू उचलतो, दोन्ही पाट्या वाचतो, क्षणभर थांबतो, आणि शेजारी उभी असलेली एक मलाय बाई हसून त्याला बोटाने योग्य रॅक दाखवते.